स्वतःची शाळा देऊन टाकणारे शिक्षक

१) २४ ऑक्टोबर १८८४. पुण्यातील काही तरुण शिक्षकांनी त्या दिवशी एक विलक्षण व्यवहार केला. जवळजवळ पाच वर्षे रक्ताचे पाणी करून उभी केलेली आणि ऐन भरभराटीत असलेली आपली शाळा त्यांनी एका नव्या संस्थेच्या हवाली केली. त्याच संस्थेत ठरावीक आणि बेताच्या वेतनावर आयुष्याची उमेदीची वर्षे शिकवण्याचे बंधनही त्यांनी स्वतःवर घालून घेतले. काल जे चालक होते, ते स्वेच्छेने सेवक झाले.

२) ती संस्था म्हणजे डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि ती शाळा म्हणजे न्यू इंग्लिश स्कूल. टिळक, आगरकर आणि गोखले यांच्यातील वैचारिक मतभेदांविषयी आपण पुष्कळ वाचतो. पण या मंडळींनी शाळेची रचनाच मुळापासून बदलली, ती का बदलली आणि त्या बदलाची किंमत कोणी मोजली, याची चर्चा क्वचितच होते. आजचा थ्रेड त्या बदलाविषयी आहे.

३) प्रारंभ करू या १८८० पासून. निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर हे रत्नागिरीच्या सरकारी शाळेत शिक्षक होते. नोकरी सोडून ते पुण्यास आले आणि स्वतंत्र शाळा काढण्याचा मनोदय त्यांनी बोलून दाखवला. इकडे डेक्कन कॉलेजात शिकणाऱ्या टिळक आणि आगरकर या दोन मित्रांच्या मनात हाच विचार घोळत होता. १८८० च्या जानेवारीच्या आरंभी बुधवार पेठेतील मोरोबादादांच्या वाड्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. पहिले वर्षभर चिपळूणकर व टिळक यांनी वेतन घेतले नाही.

४) माधवराव नामजोशी आरंभापासून सोबत होते. त्याच वर्षी संस्कृतचे व्यासंगी वामन शिवराम आपटे येऊन मिळाले. एम. ए. ची परीक्षा आटोपून आगरकर १८८१ मध्ये दाखल झाले. यांची वये पाहा. चिपळूणकर तिशीचे, टिळक व आगरकर चोविशी-पंचविशीचे, आपटे त्यांच्याहूनही लहान. यांपैकी कोणालाही सरकारी नोकरीत याहून अधिक वेतन, अधिक मान आणि निवृत्तिवेतनाची शाश्वती सहज लाभली असती.

५) शाळा झपाट्याने वाढली. १८८२ मध्ये भारतातील शिक्षणाची पाहणी करणारा हंटर आयोग आला, तेव्हा आपट्यांनी शाळेच्या वतीने साक्ष दिली. स्वतः हंटर शाळा पाहून गेले आणि त्यांनी तिची मुक्तकंठाने प्रशंसा केली. सरकारच्या किंवा मिशनऱ्यांच्या आधाराविना एतद्देशीय माणसे उत्तम शाळा चालवू शकतात, ही गोष्ट अवघ्या अडीच वर्षांत सिद्ध झाली होती.

६) परंतु याच वर्षाने शाळेचा कच्चा दुवाही उघडा पाडला. १७ मार्च १८८२ रोजी चिपळूणकरांचे निधन झाले. वय अवघे ३१. त्यानंतर चारच महिन्यांनी, कोल्हापूर प्रकरणात 'केसरी' व 'मराठा' या पत्रांवर झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची कैद झाली. मुंबईतील डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले.

७) क्षणभर त्या शाळेचा विचार करा. ज्याच्या नावावर पालकांनी मुले पाठवली, तो संस्थापक गेला. उरलेल्यांपैकी दोन प्रमुख शिक्षक तुरुंगात. वर्ग मात्र भरलेले. आपटे आणि इतर सहकाऱ्यांनी शाळा चालू ठेवली, पण एक प्रश्न आता टाळता येण्याजोगा राहिला नाही. ही शाळा नेमकी कोणाची? उद्या आणखी एखादा गेला, भांडला किंवा कंटाळला, तर तिचे काय होणार?

८) हा प्रश्न त्या काळी अगदी व्यावहारिक होता. गावोगावच्या पंतोजींच्या शाळा पंतोजीच्या हयातीपुरत्या असत. शहरांतील खाजगी इंग्रजी शाळांचेही बहुधा तेच होई. चालक दमला की शाळा बसे. सरकारी शाळेला सरकारचा पाया होता आणि मिशनच्या शाळेला धर्मसंघाचा. एकामागून एक माणसे बदलत, पण संघ टिके. खाजगी शाळेच्या मागे उभे राहणारे असे काही नव्हते.

९) येथे या तरुणांनी ज्यांच्याकडून बोध घेतला, ते नाव वाचून आश्चर्य वाटेल. ते होते जेझुइट, अर्थात येशूसंघाचे पाद्री. टिळक आणि आगरकर यांना त्यांचा धर्मप्रसार मुळीच मान्य नव्हता. पण त्यांची संघटना कशी चालते, हे त्यांनी बारकाईने पाहिले होते. प्रत्येकाने संघाला वाहून घ्यायचे, पोटापुरते घ्यायचे, वैयक्तिक संपत्ती जोडायची नाही आणि जे मिळेल ते संघाचे मानायचे. ज्यांच्याशी मतभेद आहेत त्यांच्याकडूनही रचना शिकावी, हा मोकळेपणा या मंडळींकडे होता.

१०) १८८४ ची नवी रचना थोडक्यात अशी होती. शिकवणारे प्रमुख शिक्षक हे संस्थेचे 'आजीव सभासद'. वीस वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा. वेतन दरमहा ७५ रुपये आणि संस्थेने उतरवलेला ३००० रुपयांचा आयुर्विमा. दैनंदिन कारभार आजीव सभासदांच्या मंडळाकडे. तेथे प्रत्येकाला एक मत, आणि निर्णय बहुमताने. त्याच्या वर नियामक मंडळ. त्यात आजीव सभासदांच्या जोडीला बाहेरची प्रतिष्ठित माणसे.

११) पहिल्या आजीव सभासदांत आपटे, टिळक, आगरकर, नामजोशी, वासुदेव बाळकृष्ण केळकर, महादेव शिवराम गोळे आणि धारप ही मंडळी होती. नियामक मंडळाशी न्या. रानडे, डॉ. भांडारकर, न्या. तेलंग, मंडलिक यांच्याबरोबरच सर विल्यम वेडरबर्न आणि प्राचार्य वर्ड्सवर्थ या इंग्रजांचेही नाव जोडले गेले. दोनच वर्षांपूर्वी तुरुंगवास भोगून आलेल्या संपादकांच्या संस्थेत ही नावे यावीत, हेही त्या काळाचे एक चित्र आहे.

१२) या रचनेतील खरे नावीन्य कोणते? शाळांच्या बाबतीत तोवर सामान्यतः दोनच प्रकार ठाऊक होते. एक तर शिक्षक हा कोणाचा तरी नोकर असे, सरकारचा, मिशनचा किंवा धनिकाचा. नाही तर तो स्वतःच दुकानदारासारखा शाळेचा मालक असे. येथे तिसरी वाट काढली गेली. शाळा चालवण्याचा अधिकार शिक्षकांचाच, पण शाळेवर मालकी कोणाचीच नाही. सत्ता आणि स्वामित्व यांची अशी फारकत केली की लोभाला जागा उरत नाही आणि बाहेरच्या हुकूमशाहीलाही.

१३) हे स्वीकारणे सोपे नव्हते. शाळेतील विद्यार्थ्यांची संख्या तोवर हजाराच्या आसपास पोहोचत होती. फीचे वाढते उत्पन्न यापुढे संस्थेचे आणि शिक्षकाचे मात्र ७५ रुपयेच. संस्थापक असो वा काल आलेला तरुण, मत एकच. बुद्धिमान आणि स्वाभिमानी माणसाला त्यागाहून हे समानत्व अधिक जड जाते. पैशावर पाणी सोडणे एक वेळ जमते. आपला मुद्दा बहुमतात हरला तरी दुसऱ्या दिवशी त्याच दिवाणखान्यात बसून काम करणे कठीण.

१४) लाभ मात्र तत्काळ दिसला. शाळा खाजगी असती तर देणगीदाराने पैसे कोणाला दिले असते? टिळकांना की आपट्यांना? आता देणगी संस्थेला देता येत होती. नामजोशींनी दक्षिणेतील संस्थानिकांकडून निधी जमवला. २ जानेवारी १८८५ रोजी कॉलेज सुरू झाले आणि त्याला मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव देण्यात आले. वर्ग शनिवार पेठेतील गद्रे वाड्यात भरत. पहिले प्राचार्य आपटे. वय २६-२७.

१५) टिळक गणित व संस्कृत शिकवत, आगरकर इतिहास व तर्कशास्त्र, केळकर इंग्रजी, गोळे विज्ञान. १८८५ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले नावाचा अठरा वर्षांचा पदवीधर न्यू इंग्लिश स्कूलमध्ये साहाय्यक शिक्षक म्हणून आला. पुढल्याच वर्षी, वयाच्या विशीत, तो आजीव सभासद झाला. टिळकांच्या मताइतकीच या पोराच्या मताची किंमत. नव्या घटनेचा अर्थ यापरता स्पष्ट दुसरा नव्हता.

१६) आणि येथूनच ताण सुरू झाला. ७५ रुपयांत एकट्याचे भागे, पण संसार वाढू लागले तसे ते अपुरे पडू लागले. आगरकर जन्माने गरीब, प्रकृतीने दम्याचे रुग्ण. १८८७ च्या सुमारास वेतनवाढीचा प्रश्न निघाला, तेव्हा टिळकांनी कडाडून विरोध केला. त्यांच्या मते वेतन हा तपशील नव्हता, तो पाया होता. एकदा वाढीची दारे उघडली की सेवक आणि नोकर यांत फरक राहणार नाही.

१७) दुसरा प्रश्न बाहेरच्या कामाचा. आजीव सभासदाने फावल्या वेळात पुस्तके लिहावी का? मिळालेले मानधन कोणाचे? होळकर महाराजांकडून आलेली देणगी व्यक्तीची की संस्थेची, यावरही वाद झाला. आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. त्याची इंग्रजी बाजू गोखले सांभाळत. टिळकांकडे 'केसरी' होताच. सामाजिक सुधारणेवरून दोन पत्रांत जे रण माजले, त्याचे पडसाद शिक्षकांच्या बैठकांतही उमटल्याशिवाय राहिले नाहीत.

१८) येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. या भांडणाकडे 'सुधारक विरुद्ध सनातनी' एवढ्याच दृष्टीने पाहिले, तर अर्धे सत्य हातातून निसटते. प्रश्न संस्थेच्या रचनेचाही होता. ज्याने वेळ आणि कमाई दोन्ही संस्थेला दिली आहेत, त्याच्या उरलेल्या आयुष्यावर संस्थेचा हक्क किती? टिळकांचे उत्तर होते: संपूर्ण. इतरांचे उत्तर होते: ठरलेले काम चोख झाले की उरलेला वेळ माणसाचा. दोन्ही भूमिका प्रामाणिक होत्या. नियम करताना हा प्रश्न कोणी नीट सोडवलाच नव्हता.

१९) १८९० मध्ये गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले. टिळकांनी आक्षेप घेतला. आजीव सभासदाचे पूर्ण लक्ष कॉलेजवरच असले पाहिजे. पण मंडळात त्यांच्या बाजूला बहुमत उरले नव्हते. ऑक्टोबरमध्ये त्यांनी बाहेर पडण्याचा निर्णय कळवला आणि १५ डिसेंबर १८९० रोजी आपल्या राजीनाम्याची सविस्तर कारणमीमांसा लिहून दिली. ज्या त्यागाच्या तत्त्वावर संस्था उभारली तेच ढळत आहे, हा तिचा मथितार्थ होता.

२०) या घटनेतील वेदना समजून घ्या. समान मताचा नियम टिळकांनी सहकाऱ्यांसह स्वतः घडवला होता आणि त्याच नियमाने त्यांना एकाकी पाडले. शाळा खाजगी असती तर काय झाले असते? बहुधा तिचे तुकडे झाले असते. अर्धे विद्यार्थी टिळकांबरोबर, अर्धे आगरकरांबरोबर आणि समोरासमोर दोन पाट्या. तसे घडले नाही. टिळक बाहेर पडले. वर्ग चालू राहिले.

२१) गणिताच्या रिकाम्या जागी गोखल्यांच्या निमंत्रणावरून १८९१ मध्ये एक शिक्षक मुंबईहून आले. धोंडो केशव कर्वे. पुढे ते आजीव सभासद झाले आणि १९१४ पर्यंत तेथे शिकवत राहिले. विधवाविवाह आणि स्त्रीशिक्षण यांसाठी त्यांनी जे प्रचंड कार्य उभारले, त्यातले पुष्कळसे या नोकरीच्या वर्षांतच. आजीव सभासदाने बाहेरचे काम करावे की नाही, या जुन्या वादाला कर्व्यांच्या आयुष्याने एक उत्तर दिले, असे म्हणता येईल.

२२) आघात थांबले नाहीत. १८९२ मध्ये कोशकार आपटे ऐन तारुण्यात गेले. आगरकर प्राचार्य झाले आणि १७ जून १८९५ रोजी तेही निवर्तले. वय ३८. मग गोळे प्राचार्य झाले. गोखल्यांनी आपली वर्षे पुरी केली आणि १९०२ मध्ये ते निवृत्त झाले. त्याच वर्षी केंब्रिजचे सीनियर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी कॉलेजची धुरा घेतली. त्यांनीही आजीव सभासदाचेच अल्प वेतन स्वीकारले होते. पंधरा वर्षांत पहिल्या फळीतील बहुतेक प्रमुख नावे पटावरून पुसली गेली, पण कॉलेज एक दिवसही अनाथ झाले नाही.

२३) १८८२ मध्ये चिपळूणकरांच्या मृत्यूने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हेच होते. शाळा एका माणसावर उभी असेल तर ती त्याच्याबरोबर कोसळते. ती घटनेवर उभी असेल तर माणसाचे जाणे सोसते. पण हेही तितकेच खरे की घटना माणसांमधले प्रेम टिकवू शकत नाही. टिळक आणि आगरकर यांची मैत्री कोणत्याही नियमाने वाचली नसती. नियमाने शाळा वाचली, आणि त्याच्याकडून अपेक्षा तेवढीच होती.

२४) या रचनेची मर्यादाही नोंदवली पाहिजे. आजीव सभासदांची समता ही एका लहानशा वर्तुळातील समता होती. पहिले सगळे सभासद पुरुष आणि उच्चवर्णीय. ज्या हंटर आयोगापुढे आपट्यांनी साक्ष दिली, त्याच आयोगाला १८८२ मध्ये पुण्याच्याच जोतीराव फुल्यांनी निवेदन सादर केले होते. सरकार उच्च शिक्षणावर खर्च करते आणि शेतकऱ्यांच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणाकडे पाठ फिरवते, हा त्यांचा आक्षेप होता. शाळा कोणाच्या मालकीची, हा प्रश्न न्यू इंग्लिश स्कूलने सोडवला. शाळा कोणासाठी, हा फुल्यांचा प्रश्न मात्र त्या घटनेच्या बाहेरच राहिला.

२५) तरीही साचा दूरवर गेला. १२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापला. प्रतिज्ञा, अल्प वेतन, वैयक्तिक कमाईचा त्याग. फर्ग्युसनमध्ये शिक्षकांसाठी जे होते, ते त्यांनी देशकार्यासाठी योजले. महाराष्ट्रातील अनेक शिक्षणसंस्थांनी आजीव सभासद किंवा आजीव सेवक ही पद्धत आपापल्या परीने उचलली. बहुजन समाजाच्या दारात शिक्षण नेणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेतही आजीव सेवक आहेत. वर्तुळाबाहेर राहिलेल्यांपर्यंत ही कल्पना अशी पोहोचली.

२६) इतिहासात संस्थापकांचे पुतळे उभारले जातात. नियमांचे पुतळे कोणी उभारत नाही. पण शिक्षकांनी मनापासून स्वीकारलेल्या बदलाचे मोल मोजायचे असेल, तर पहिल्या दिवसाचा उत्साह पाहून भागत नाही. तो बदल स्वतःच्या विरुद्ध गेला तेव्हा त्यांनी काय केले, हे पाहावे लागते. टिळक हरले, पण शाळा फोडायला गेले नाहीत. जिंकलेल्यांनी शाळा वाटून घेतली नाही. २४ ऑक्टोबर १८८४ ची खरी परीक्षा १८९० मध्ये झाली आणि दोन्ही पक्ष तीत उत्तीर्ण झाले.

२७) आज पुण्यात फर्ग्युसन कॉलेजसमोरून जाणारा रस्ता कागदोपत्री नामदार गोखले पथ आहे. आणि ज्या संस्थेतून टिळक राजीनामा देऊन निघाले, त्याच संस्थेच्या एका शाळेचा पत्ता आहे: न्यू इंग्लिश स्कूल, टिळक रस्ता. पुढच्या वेळी त्या बाजूला गेलात, तर शाळेची पाटी आणि रस्त्याची पाटी एकदम वाचून पाहा.

(समाप्त)